स्वतःचा तास ऐकताना

शिक्षकी पेशातील चौदाव्या वर्षी मी पहिल्यांदा माझा स्वतःचा तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. प्रशिक्षणाच्या काळात आम्ही सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेत असू. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ, समोर मोजके विद्यार्थी, लगेच चर्चा आणि त्या चर्चेनंतर तोच पाठ पुन्हा, असे त्याचे स्वरूप असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत आकाराला आली, एवढे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. नोकरी लागल्यानंतर मात्र माझे शिकवणे कोणी निरखून पाहावे आणि त्यावर माझ्याशी सविस्तर बोलावे, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले. वर्गतपासणी होई, वहीत ‘पाठ प्रभावी झाला’ असा शेरा पडे आणि विषय तिथेच संपे.

त्या वर्षी एका दिवसाच्या कार्यशाळेत आम्हाला एकामागून एक दहा-बारा अ‍ॅप दाखवण्यात आली. मी उत्साहाने परतले आणि सहावीच्या वर्गासाठी दशांश अपूर्णांकांवर रंगीत, हलत्या चित्रांच्या स्लाइड तयार केल्या. मुलांनी त्या आनंदाने पाहिल्या. पंधरा दिवसांनी चाचणी घेतली, तेव्हा ०.३५ ही संख्या ०.४ पेक्षा मोठी आहे असे लिहिणारी मुले जवळजवळ आदल्या वर्षाइतकीच निघाली. स्लाइड करण्यात माझ्या दोन सुट्ट्या गेल्या होत्या, त्याचे दुःख नव्हते. पण चूक कुठे होते आहे हे मला अजिबात सांगता येत नव्हते, ही गोष्ट मनाला लागून राहिली. कोणते अ‍ॅप वापरावे हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि माझ्या तासाला नेमके काय घडते ते आधी समजून घ्यायचे ठरवले.

मुख्याध्यापिकांची आणि पालकांची परवानगी घेऊन, मुलांनाही कारण सांगून, मी माझा मोबाइल वर्गातील कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आणि फक्त आवाज ध्वनिमुद्रित केला. चित्रीकरण मुद्दाम टाळले, कारण कॅमेरा दिसला की मुले कॅमेऱ्यासाठी वागतात, आणि त्यांचे चेहरे माझ्या फोनमध्ये साठवण्याची मला गरजही नव्हती. ही ध्वनिमुद्रणे मी एकटीच ऐकेन आणि वर्ष संपले की पुसून टाकेन, असे वर्गात सांगितले आणि तसेच केले.

पहिले ध्वनिमुद्रण ऐकायला बसले तेव्हा पहिली दहा मिनिटे मी केवळ स्वतःच्या आवाजाने अवघडून गेले. हे प्रत्येकाचे होते. तिथे थांबू नये, एवढेच मी हा प्रयोग करू पाहणाऱ्यांना सांगेन. दुसऱ्यांदा ऐकताना मी कागद घेतला. नेड फ्लँडर्स यांनी वर्गातील संवादाचे दहा प्रकार मांडले आहेत: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या बोलण्याचे आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. निरीक्षकाने दर तीन सेकंदांनी, त्या क्षणी जो प्रकार चालू असेल त्याची खूण करायची असते. चाळीस मिनिटांचा पूर्ण तास असा नोंदवायचा तर आठशे खुणा होतात. मी मधली वीस मिनिटे घेतली आणि चारशे खुणा केल्या. त्यांपैकी तीनशेहून अधिक माझ्या बोलण्याच्या निघाल्या. फ्लँडर्स यांना साधारण वर्गात बोलण्याच्या वेळेपैकी दोन तृतीयांश वेळ शिक्षकच बोलताना आढळला होता. मी त्याच्याही पुढे गेले होते. माझा वर्ग बोलका आहे अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात वर्गातील सात-आठ मुले बोलकी होती आणि त्यांची एका शब्दाची उत्तरे माझ्या दोन वाक्यांच्या फटीत येऊन जात होती.

मग मी फक्त प्रश्न मोजले. ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये आवाजाचा आलेख दिसतो. माझा प्रश्न संपतो ते ठिकाण आणि पुढचा शब्द सुरू होतो ते ठिकाण यांतील अंतर त्यावर सहज मोजता येते. बहुतेक ठिकाणी ते एक सेकंदही नव्हते, आणि बऱ्याच वेळा तो पुढचा शब्द माझाच होता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे ऐकून नेमके हेच टिपले होते: शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात. हा विराम तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ असे म्हणणे किंवा गप्प बसणे कमी होते, आणि एरवी न बोलणारी मुलेही उत्तर देऊ लागतात. हे मी पूर्वी वाचलेही होते. पण वाचणे आणि स्वतःच्या आलेखात ती अरुंद फट पाहणे यांत फार अंतर आहे.

तीन सेकंद थांबायला शिकणे हे माझ्या आजवरच्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा अवघड गेले. वर्गातली शांतता शिक्षकाला खायला उठते. आपले काहीतरी चुकले आहे असे वाटते आणि जीभ आपोआप पुढे सरसावते. मी एक साधी युक्ती केली. प्रश्न विचारला की चपलेत पायाचा अंगठा सावकाश तीनदा दाबायचा आणि तोवर तोंड उघडायचे नाही. पहिल्या आठवड्यात मुलेच अस्वस्थ झाली. एकाने काळजीने विचारले, “बाई, काय झालं?” मी त्यांना सरळ सांगून टाकले की यापुढे प्रश्नानंतर आपण सगळेच थोडा वेळ विचार करणार आहोत आणि तोवर कोणी हात वर करायचा नाही. त्यानंतर ती शांतता हळूहळू सवयीची झाली.

मात्र रो यांनी सांगितलेला दुसरा विराम, म्हणजे मुलाने उत्तर दिल्यानंतरचा, मला कितीतरी महिने जमला नाही. मूल बोलून थांबले की माझ्या तोंडून ‘बरोबर’ किंवा ‘शाब्बास’ निघून जाई, आणि त्या एका शब्दाने सगळ्या वर्गाचा विचार तिथेच बंद होई. कौतुक करण्यात काय वावगे आहे, असे मला वाटत असे. ध्वनिमुद्रणात मात्र स्पष्ट ऐकू येत होते की माझ्या ‘बरोबर’नंतर कुणीही त्या उत्तरात भर घालत नाही, शंका घेत नाही, वेगळे काही सुचवत नाही.

थांबल्याने उत्तरे वाढली, पण अडतीस मुलांपैकी ज्यांचा आवाज आलाच नाही ती मुले काय विचार करत आहेत हे कळायला मार्ग नव्हता. इथे पहिल्यांदा मला तंत्रज्ञानाची खरी गरज भासली. मी प्लिकर्स हे साधन निवडले, कारण त्यात मुलांच्या हाती कोणतेही उपकरण लागत नाही. प्रत्येक मुलाला काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी असलेले कागदी कार्ड मिळते. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे बारीक टाइपात असतात. मूल आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल असे कार्ड धरते, शिक्षक मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कोणी काय उत्तर दिले ते नावानिशी पडद्यावर उमटते. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे सोपे नसते, आणि चुकल्याचे वर्गात जाहीरही होत नाही. कार्डे टिकावीत म्हणून मी ती चकचकीत लॅमिनेट करून आणली आणि पहिल्याच दिवशी दिव्यांची तिरीप पडून कॅमेऱ्याला निम्मी कार्डे वाचताच येईनात. पुन्हा साध्या जाड कागदावर छापली, तेव्हा काम झाले. एवढ्या-तेवढ्या गोष्टीपायी अख्खा तास वाया जातो आणि शिक्षक त्या साधनाला कायमचा रामराम ठोकतो, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

कार्डांपेक्षा प्रश्न महत्त्वाचा, हे कळायला मात्र अजून दोन महिने लागले. माझा पहिला प्रश्न असा होता: ०.४, ०.३५, ०.१२५ आणि ०.०९ यांतील सर्वांत मोठी संख्या कोणती? सतरा मुलांनी ०.१२५ निवडली. ती दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचत होती. एकशे पंचवीस हे चारपेक्षा मोठेच. पंधरा मुलांनी ०.४ हे अचूक उत्तर दिले, आणि या पंधरांना समजले असे धरून मी पुढे निघाले होते. तेवढ्यात, दोन विरामांच्या सवयीमुळे असेल, मी एका मुलाला कारण विचारले आणि थांबले. तो म्हणाला, “शतांश दशांशापेक्षा बारीक असतो ना बाई, मग ज्यात शतांश आला ती संख्या बारीक.” उत्तर बरोबर आणि कारण पूर्ण चुकीचे! त्याच्या हिशेबाने चिन्हानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी. मेलबर्न विद्यापीठातील केय स्टेसी आणि विकी स्टाइनले यांनी दशांश अपूर्णांकांबाबतच्या या दोन्ही समजुतींचा बारकाईने अभ्यास केला आहे: ‘लांब ती मोठी’ आणि ‘आखूड ती मोठी’. मी विचारलेल्या प्रश्नात दुसऱ्या समजुतीचे मूल सुखाने पार होत होते.

म्हणून दुसऱ्या दिवशी प्रश्न बदलला. पर्याय होते ०.३, ०.३५, ०.३४२ आणि ०.२९९. लांब ती मोठी असे मानणारा ०.३४२ वर जातो, आखूड ती मोठी असे मानणारा ०.३ वर जातो, आणि ०.३५ वर पोहोचायला स्थानिक किंमतच कळावी लागते. आदल्या दिवशीच्या पंधरा ‘बरोबर’ मुलांपैकी नऊ जणांनी ०.३ निवडली. फोनच्या पडद्यावर ती नऊ नावे पाहताना मला जे वाटले ते अजून आठवते. त्यांत माझी दोन ‘हुशार’ मुले होती. गेली कित्येक वर्षे अशा मुलांच्या वहीत मी बरोबरच्या खुणा करत आले होते.

मग मी ते पहिले ध्वनिमुद्रण पुन्हा काढून ऐकले. या वेळी मी बोलण्याचा वेळ मोजत नव्हते, शब्द ऐकत होते. पाचव्या मिनिटाला माझाच आवाज म्हणतो, “शून्य पॉइंट पस्तीस.” पुढे “शून्य पॉइंट एकशे पंचवीस.” आणि अकराव्या मिनिटाला, “लक्षात ठेवा, शतांश दशांशापेक्षा लहान.” दोन्ही समजुती वर्गात मीच पेरत होते. पस्तीस म्हटले की मुलाच्या मनात पस्तीस वस्तू येतात, आणि एका शतांशाविषयीचे माझे बरोबर वाक्य मूल सगळ्या संख्येला लावते. त्या दिवसापासून मी ‘शून्य पॉइंट तीन पाच’ असे अंक सुटे वाचू लागले, आणि जोडीला ‘तीन दशांश, पाच शतांश’ असे म्हणू लागले. चौदा वर्षे हेच प्रकरण शिकवूनही मला हे जाणवले नव्हते, कारण बोलताना मी स्वतःला ऐकत नव्हते.

या टप्प्यावर एरिक माझुर यांची रीत उपयोगी पडली. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली. प्रश्नावर आधी प्रत्येकाने एकट्याने मत द्यायचे, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवायचे आणि त्यानंतर पुन्हा मत द्यायचे. बरोबर उत्तरे फारच थोडी असतील तर चर्चेत चुकीचेच एकमेकांच्या गळी उतरते आणि फार असतील तर चर्चेला अर्थ उरत नाही. वर्ग मधोमध विभागलेला असतो तेव्हा ही रीत सर्वांत फळते. पहिल्या मतदानाचा निकाल मी मुलांना दाखवत नाही. दाखवला की बहुमताचे उत्तर हेच बरोबर उत्तर ठरते.

दृश्य साधनांपैकी मी एकच ठेवले, ते म्हणजे जिओजेब्रा. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात सुरू केलेले हे गणिताचे सॉफ्टवेअर शिक्षकांना विनामूल्य वापरता येते आणि एकदा संगणकावर घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यावर संख्यारेषा घेऊन ०.३ आणि ०.४ यांच्या मधला भाग मोठा करत नेला की आतल्या खुणा आपोआप उमटत जातात. आधी मी ते नुसते दाखवत होते आणि मुले ‘वा’ म्हणत होती. आता मोठे करण्याआधी थांबते आणि आत काय दिसेल ते वहीत काढायला सांगते. पडदा नंतर हलतो. सॉफ्टवेअर तेच, पण त्याआधीचे दोन मिनिटांचे रेखाटन हाच आता तासाचा खरा भाग झाला आहे.

वेगाला गुण देणाऱ्या, घड्याळ लावून खेळायच्या प्रश्नमंजूषा मात्र मी सोडून दिल्या. मुलांना त्या आवडतात हे मान्य आहे. पण एका हाताने तीन सेकंद विचार करायला शिकवायचे आणि दुसऱ्या हाताने पहिल्या सेकंदाला बक्षीस द्यायचे, हे मला जमेना. चुकीचे पर्याय तयार करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचीही मदत घेऊन पाहिली. तिने सुचवलेले बरेच पर्याय नुसतेच चुकीचे होते, त्यांच्यामागे कोणत्याही मुलाचा विचार नव्हता. उपयोगी पर्याय मुलांच्या जुन्या वह्यांत सापडतात, म्हणून आता उत्तरपत्रिका तपासताना मी चुका एका स्प्रेडशीटमध्ये उतरवून ठेवते. त्याच तक्त्यातून तासाच्या सुरुवातीला तीन प्रश्न निघतात: एक कालच्या भागावरचा, एक गेल्या आठवड्यातला आणि एक महिन्यापूर्वीचा. शिकलेले पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढल्याने अधिक टिकते, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवून दिले आहे. माझ्या अनुभवात महिन्यापूर्वीचा प्रश्नच सर्वांत जास्त पडझड दाखवतो, आणि म्हणून तोच सर्वांत मोलाचा आहे.

एकटीने ऐकून जे कळत नव्हते ते दोन सहकाऱ्यांमुळे कळले. जपानमध्ये पाठ-अभ्यासाची परंपरा फार जुनी आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे निरीक्षण करतात आणि नंतर पाठ सुधारला जातो. आमच्या गणिताच्या सरांना आणि विज्ञानाच्या बाईंना मी विचारले आणि दोघेही तयार झाले. निरीक्षकाने शिक्षकाकडे पाहायचे नाही, ठरवून घेतलेल्या दोन-तीन मुलांकडेच पाहायचे, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. तास संपल्यावर आधी शिकवणाऱ्याने बोलायचे, मग निरीक्षकांनी, आणि तेही ‘मुलाने काय केले’ एवढेच. ‘तुम्ही असे करायला हवे होते’ हे वाक्य वर्ज्य.

विज्ञानाच्या बाईंनी खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीची नोंद ठेवली होती. ही मुलगी वर्षभरात माझ्या तासाला क्वचितच बोलली होती. त्या नोंदीत लिहिले होते की तिने संख्यारेषा काढली, ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये दहा भाग केले आणि ०.३५ ची खूण अचूक केली. ०.३४२ वर मात्र ती अडली. तिने एक बिंदू काढला, खोडला, पुन्हा काढला, पुन्हा खोडला. कागद तिथे विरला. चार मिनिटे ती तशीच बसून होती. मग तिने ०.३४ आणि ०.३५ यांच्या भोवती एक छोटे वर्तुळ काढले, त्या वर्तुळातून एक रेघ ओढून खाली मोठे वर्तुळ काढले आणि त्यात नवी संख्यारेषा आखून तिचे दहा भाग केले. पडद्यावर जे दिसण्यासाठी मी प्रोजेक्टर लावणार होते ते तिने पेन्सिलीने स्वतः शोधले होते. त्या चार मिनिटांत मी फळ्याजवळ उभी राहून, वेळ संपत आली म्हणून दोनदा ‘आटपा’ म्हणाले होते. ध्वनिमुद्रणात ते दोन्ही ‘आटपा’ आहेत.

पाठाच्या पुढच्या आवृत्तीत आम्ही तिची भिंगाची कल्पना सगळ्यांच्या कार्यपत्रिकेत घेतली, तिला विचारून आणि ती कोणाची हे वर्गाला सांगून. उदाहरणे सहावरून तीनवर आणली. गणिताच्या सरांनी तो पाठ त्यांच्या तुकडीला शिकवला आणि मी मागच्या बाकावर बसून दोन मुलांच्या हालचाली लिहीत राहिले. शिकवण्याची जबाबदारी नसताना एका मुलाकडे सलग चाळीस मिनिटे पाहता येणे, ही माझ्यासाठी या वर्षातली सर्वांत मोठी शिदोरी ठरली.

वर्ष संपताना मी पुन्हा वीस मिनिटांच्या चारशे खुणा केल्या. माझ्या बोलण्याच्या खुणा अजूनही निम्म्याहून थोड्या अधिक आहेत, त्यामुळे पुढच्या वर्षी हे मोजणे चालूच राहील. मात्र शांततेच्या रकान्यात, जो पहिल्या वेळी जवळजवळ कोरा होता, आता खुणांची छोटी झुंबडच दिसते. त्या शेवटच्या ध्वनिमुद्रणात मी विचारते, “०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये किती संख्या आहेत?” त्यानंतर आलेखावर सहा सेकंदांची सपाट रेघ आहे, एक बाक करकरल्याचा आवाज तेवढा येतो. मग खिडकीच्या बाजूने उत्तर येते, “बाई, आपण कुठपर्यंत मोठं करून बघतो त्यावर आहे.” मी काही बोलत नाही. आणखी चार सेकंद जातात, आणि मागून दुसरा आवाज म्हणतो, “पण मोठं करून नाही बघितलं तरी त्या तिथे असतातच ना?”